तापाच्या वहीतली एरर

तुम्ही गेल्याला आज एकवीस दिवस झाले, आणि मी अजून तुमच्याशी खोटंच बोलून राहिले आहे असं मला वाटतं. सातव्या दिवशी घरी बुद्धवंदना झाली. सरकारी शेतीच्या फार्मावरची माणसं आली, बार्शीटाकळीहून तुमचे काका आले, बडनेऱ्याहून माझे आई-बाबा आले. जो तो तुमच्याबद्दल एकच गोष्ट सांगत होता, की या माणसानं लिहिलेला आकडा म्हणजे आकडा, तो पुन्हा तपासायची गरज नाही. मी भिंतीला टेकून मान खाली घालून बसले होते. बायका म्हणाल्या, रडू द्या तिले. मी रडत नव्हते. माझ्या मांडीवरच्या पिशवीत तुमची ती चाळीस पानी वही होती, तुमच्या शेवटच्या तापाची, आणि तिच्यातले संध्याकाळचे सहा आकडे खोटे आहेत हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

अक्षर तुमचं आहे, आकडे मी दिलेले आहेत. हे मला तुम्हाला सांगायचं आहे आणि दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. पण सरळ सांगायला गेलं की मधे तुमचा तो लाडका शब्द येतो. एरर. तो बाजूला सारून मला पुढे जाताच येत नाही, म्हणून आधी त्याचंच सांगते.

तुम्ही भेटायच्या आधी हा शब्द माझ्या ओळखीचा होता, पण वेगळ्या कारणानं. अमरावतीच्या आमच्या शाळेत इंग्रजीच्या बाई निबंधाच्या खाली लाल पेन्सिलीनं 'एरर्स' असं लिहायच्या आणि पुढे आकडा टाकायच्या. जितका आकडा तितक्या उठाबशा, त्याही वर्गासमोर. मी बडनेऱ्याहून रोज ये-जा करणारी, रेल्वेतल्या गँगमनची पोरगी. घरात इंग्रजीचं एक अक्षर कोणाला येत नव्हतं. माझा आकडा कधी नवाच्या खाली आला नाही. मांड्या अशा भरून यायच्या की परतताना गाडीची पायरी चढवत नसे. तेव्हा एरर म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे आपण, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग लग्न होऊन मी अकोल्याला फार्माच्या क्वार्टरमध्ये आले. नागपूरच्या बाबासाहेबांच्या दीक्षेला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तुम्ही मला तुमचं राज्य दाखवायला नेलं. तारेचं कुंपण, त्यात चार पायांवर उभी असलेली पांढरी जाळीची पेटी, पेटीत कोरडा, ओला, कमाल आणि किमान असे चार थर्मामीटर, बाजूला पाऊस मोजायचं भांडं आणि वाऱ्याचा बाण. नवी नवरी म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि तुम्ही एकेक यंत्र असं दाखवत होते की जशी घरातली वडीलधारी माणसंच आहेत. एका थर्मामीटरचं छापील कार्ड काढून तुम्ही मोठ्या कौतुकानं म्हणाले, याची एरर शून्य पॉइंट दोन आहे. मला तुमची फार दया आली. सरकारनं या भल्या माणसाला खराब सामान दिलं आणि याला त्याचं काहीच नाही. मी हळूच म्हटलं, "मंग वापस करा न. दुसरं मागवा."

तुम्ही इतके हसले की पलीकडे पऱ्हाटीत डवरे हाकणारा माणूस बैल थांबवून बघायला लागला. मला राग आला होता. मी तो राग तीन दिवस धरला, आणि तुम्ही तीन दिवस मला समजावत राहिले. तुमचं म्हणणं असं, की हा शब्द बाजारात एक आहे आणि प्रयोगशाळेत दुसरा. लोक एरर म्हणतात तेव्हा कोणीतरी चुकलेलं असतं आणि त्याला कोणीतरी रागावतं. विज्ञानात एरर कोणाचा गुन्हा नसतो. पारा जाड असतो, काचेवरची रेघ जाड असते, डोळा माणसाचा असतो. एवढ्यातून खरं जेवढं निसटतं तेवढी एरर. ती लपवायची नाही, आकड्याच्या शेजारी लिहून टाकायची. मी विचारलं, आणि चूक? तुम्ही म्हणाले, "चूक वेगळी. तू पाह्यलंच नाही, नाहीतं पाह्यलं एक अन् सांगितलं दुसरं, ते एररमध्ये बसत नाही. त्याले कोनतंच कार्ड नाही."

मी तेव्हा काय म्हणाले ते आठवतं का? मी म्हटलं, त्या इंग्रजांनी एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आणि उठाबशा मात्र मी काढल्या. तुम्ही माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाले, त्या बाईंच्या वतीनं मी माफी मागतो. असं कोणी माझी माफी मागितल्याची तोवर मला सवय नव्हती.

त्यानंतर तो शब्द आपल्या घरात मिठासारखा वापरला गेला. वरणात तिखट जास्त झालं की मी आधीच सांगून टाकायची, आज एरर आहे. तुम्ही घास तोंडात फिरवून न्यायाधीशासारखे म्हणायचे, नाही, इतकी एरर नसते, ही चूक आहे, तुझं लक्ष नव्हतं. तुम्ही पुण्याला ट्रेनिंगला गेले, तिथल्या साहेबांनी 'रीडिंग घेतलंत का' विचारलं, तुम्ही 'घेऊन राहिलो न' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. परत आल्यावर तुम्ही मला सांगितलं की त्यांच्या कानाची एरर फार मोठी आहे. सुजाता झाली तेव्हा सुइणीनं सांगितलेली तारीख अकरा दिवसांनी हुकली. मी काळजीनं अर्धी झाले होते आणि तुम्ही खाटेशेजारी बसून माझ्या आईला प्लस-मायनस समजावत होते. आई म्हणाली, जावाई चांगला आहे पन बोलते काय ते समजत नाही.

मी तुमच्या कामात कशी आले तेही लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एका उन्हाळ्यात तुमचे डोळे आले. डोळ्यांना फडकं बांधून तुम्ही कुंपणाशी उभे राहिले आणि म्हणाले, तू वाच, मी लिहितो. मी बुटकी. पारा वरून किंवा खालून पाहिला की रेघ सरकते, म्हणून तुम्ही माझ्यासाठी घरातला जेवणाचा पाट आणून पेटीपुढे टाकला. आणि तुमची ती रीत शिकवली. वाचणारानं आकडा मोठ्यानं म्हणायचा. लिहिणारानं तो पुन्हा मोठ्यानं म्हणत लिहायचा. मग वाचणारानं थर्मामीटरकडे दुसऱ्यांदा पाहायचं आणि 'बरोबर' म्हणायचं. 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढच्या थर्मामीटरला हात लावायचा नाही. डोळे बरे झाले, तरी तुम्ही मला सोडलं नाही. रोज सकाळी साडेआठला मी पाटावर, तुम्ही वही घेऊन खाली. फार्मावर इंचाचे मिलीमीटर झाले, फॅरनहाइटचं सेंटिग्रेड झालं, पण आपली रीत तीच राहिली. फार्माच्या मोठ्या साहेबांना हे माहीत होतं. ते एकदा म्हणाले, बाईंचा डोळा तुमच्यापेक्षा बारीक आहे. तुम्ही ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

म्हणून मला वाचता येत नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही. मी स्वतःही म्हणू शकत नाही. हीच माझी सगळी अडचण आहे.

आपलं एक भांडण मिटायचं राहिलंच. एका वर्षी पावसाच्या भांड्याच्या गळ्यात चिमण्यांनी काड्या भरल्या आणि रात्रभर एवढा पाऊस पडूनही आत थोडंच पाणी आलं. शेतात गुडघाभर चिखल आणि तुमच्या नोंदीला आकडा नाही. वरून सांगणं आलं की शेजारच्या ठिकाणाचे आकडे पाहून अंदाजानं भरा. तुम्ही भरला नाही. त्या तारखेपुढे लाल शाईनं 'नोंद नाही' लिहिलं आणि बोलणी खाल्ली. मी तुमच्यावर चिडले होते. मी म्हटलं, कोनाचं काय जाते? पाऊस पडला हे तं खरं आहे न? एक आकडा लिहून टाकला तर आभाळ फाटणार आहे का? तुम्ही म्हणाले की खोटा आकडा एकटा बसत नाही, तो शेजारच्या खऱ्या आकड्यांनाही नासवतो, मग महिन्याची बेरीज नासते, मग वर्षाची. मी म्हटलं, तुमाले मानसापेक्षा आकडे प्यारे आहेत. दोन दिवस आपण कामापुरतं बोललो. नंतर आपोआप बोलायला लागलो, पण त्या वाक्याचं उत्तर तुम्ही कधी दिलं नाही आणि मीही ते मागे घेतलं नाही.

आता तापाचं सांगते.

भादवा संपता संपता तुम्ही घरी आले ते थरथरतच. दोन दिवस आपण साधा ताप समजलो. तिसऱ्या दिवशी अकोला गावातून डॉक्टर आले, वयस्क, शांत माणूस, तुम्हाला आधीपासून ओळखणारे. मुदतीचा ताप, टायफॉइड दिसतो म्हणाले. गोळ्या दिल्या. सुजाताला बाबा येऊन बडनेऱ्याला घेऊन गेले. डॉक्टर दर दोन दिवसांनी सकाळी येणार होते, आणि सकाळी तुमचा ताप उतरलेलाच असायचा. म्हणून त्यांनी मला बजावून सांगितलं, की संध्याकाळचा ताप महत्त्वाचा. तो लिहून ठेवा. दोन दिवस लागोपाठ एकशे तीनच्या वर गेला तर माझी वाट पाहू नका, तडक अमरावतीला न्या, तिथे मोठ्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देतो. चिठ्ठी त्यांनी त्याच दिवशी लिहून दिली. ती मी देवघराच्या जागी जिथे आपण बाबासाहेबांचा फोटो लावला आहे, त्याच्या मागे ठेवली.

डॉक्टर गेल्यावर तुम्ही कोरी वही मागितली. खाटेवर उशीला टेकून रेघा आखल्या. तारीख, वेळ, ताप, शेरा. मी म्हटलं, मी लिहीन, तुम्ही पडून राहा. तुम्ही ऐकलं नाही. तू वाच, मी लिहितो, आपली रीत मोडायची नाही. तापानं ओठ फुटले होते आणि चेहऱ्यावर मात्र कामाला लागल्याचं समाधान होतं.

पहिल्या संध्याकाळी तुमच्या काखेतून थर्मामीटर काढला, खिडकीशी नेऊन डोळ्यासमोर धरला. एकशे तीन पॉइंट सहा. मी तो आकडा म्हणणार तेवढ्यात तुमच्याकडे लक्ष गेलं. तुम्ही पेन धरून माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि तुमच्या डोळ्यांत भीती होती. तुम्ही एकदाच मला सांगितलं होतं, की तुमचा धाकटा भाऊ बार्शीटाकळीला तापानं वारला तेव्हा कंपाउंडरनं एकशे चार म्हटलेलं तुम्ही ऐकलं होतं. त्यानंतर तुमच्यासाठी एकशे चारला माणूसच संपत होता. आकड्यावर तुमचा इतका विश्वास, की आकडाच तुम्हाला नेईल असं मला त्या क्षणी वाटलं. मी म्हटलं, "एकशे एक पॉइंट चार."

तुम्ही म्हणाले, "एकशे एक पॉइंट चार," आणि लिहिलं. मग थांबले. मी दुसऱ्यांदा पाहावं म्हणून थांबले. मी थर्मामीटरकडे पाहिलं. पारा एकशे तीन पॉइंट सहावर तसाच उभा होता. मी "बरोबर" म्हटलं, थर्मामीटर झटकला आणि लगेच विचारलं, कण्या देऊ का ताक घालून? तुम्ही म्हणाले, दे. दोन दिवसांत पहिल्यांदा तुम्ही वाटीभर खाल्लं. मी चुलीपाशी बसून रडले, पण मला आनंदच झाला होता हो. खोटं बोलून तुमच्या पोटात अन्न गेलं याचा आनंद.

दुसऱ्या संध्याकाळी एकशे तीन पॉइंट आठ. दोन दिवस लागोपाठ झाले. फोटोमागची चिठ्ठी मला दिसत होती. मी काल एकशे एक पॉइंट चार सांगितलं होतं. आज खरं सांगितलं तर तुम्हाला वाटेल ताप एका दिवसात अडीच डिग्री चढला. ते ऐकून तुमचं काय होईल? कालचंही खरं सांगायचं तर तुमच्या वहीत खाडाखोड होईल, आणि तुमचा माझ्यावरचा भरवसा जाईल. मी उभ्या उभ्या एवढा विचार केला आणि म्हटलं, एकशे एक पॉइंट दोन. तुम्ही लिहिलं. मी "बरोबर" म्हटलं.

वहीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. तुमच्या हाताची नाडी पाहिली, वही पाहिली. खूश झाले. मी ठरवलं होतं की दारापर्यंत पोचवायला जाईन आणि बाहेर सांगून टाकेन. दारात ते म्हणाले, "अशी वही मले एकाबी रोग्याच्या घरी भेटत नाही, बाई. ताप उतरून राहिला. चिंता नका करू." मी नुसती मान हलवली. शरम वाटली. आणि खरं सांगू का, मला त्यांचं म्हणणं ऐकायला इतकं बरं वाटलं की मीही ते खरंच मानलं. मी मनात म्हटलं, आज संध्याकाळी खरंच उतरेल. मग माझे आकडे आपोआप खरे होतील आणि कोणाला सांगायची गरजच उरणार नाही.

उतरला नाही. एकशे चार. मी एकशे एक म्हटलं. चौथ्या संध्याकाळी एकशे तीन पॉइंट चार झाला तर मला वाटलं आता वळला. पाचव्या संध्याकाळी एकशे चार पॉइंट दोन. तुमच्या वहीत मात्र रोज दोन-दोन पॉइंट खाली, इतका शहाण्यासारखा उतरणारा ताप जगात कोणाला आला नसेल. पाचव्या दिवशी तुम्ही थर्मामीटर हातात मागितला. मी तो झटकून टाकला होता. तुम्ही रिकाम्या पाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत दिला. म्हणाले, लिहू न? मी म्हटलं, लिहा न, शंभर पॉइंट सहा. मधल्या काळात डॉक्टर एकदा येऊन गेले होते आणि वही बघून म्हणाले होते की आता मी दोन दिवसांऐवजी तीन दिवसांनी आलो तरी चालेल.

सहाव्या संध्याकाळीही मी तसंच केलं. सातव्या दिवशी दुपारी तुम्ही मला ओळखलं नाही. मी धावत मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी फार्माची जीप दिली. मी फोटोमागची चिठ्ठी काढली आणि तुम्हाला मागच्या बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं. मूर्तिजापूर मागे पडलं तसे तुम्ही बोलायला लागले. आधी मला वाटलं पाणी मागता आहात. तुम्ही आकडे वाचत होते. कोरडा, एकोणतीस पॉइंट चार. आणि थांबले. कोणी काही बोललं नाही म्हणून तुम्ही बेचैन व्हायला लागले, हात हलवायला लागले. मग मला कळलं. मी म्हटलं, एकोणतीस पॉइंट चार, लिहिलं. तुम्ही डोळे मिटूनच कुठेतरी पाहिलं आणि म्हणाले, बरोबर. पुढचा आकडा. मग त्याच्या पुढचा. बडनेऱ्यापर्यंत तुम्ही वाचत राहिले आणि मी लिहिलं म्हणत राहिले. माझ्या हातात ना वही होती ना पेन. जीप चालवणारा माणूस डोळे पुसत होता, त्याला वाटत होतं की साहेबांचं कामावर किती प्रेम. मला मात्र वाटत होतं की तुम्ही मला शिकवून राहिले आहात, अजूनही, की हे असं करायचं असतं.

अमरावतीत मोठ्या डॉक्टरांनी त्यांचा थर्मामीटर लावला. त्यांना तुमच्या वहीची गरज पडली नाही. कोणी विचारलं असतं तर मी तिथे सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेले. पावणेनऊला. साडेआठची वेळ नुकतीच होऊन गेली होती.

तेव्हापासून मी तुमच्या शब्दाशी झगडून राहिले आहे. भेटायला आलेली माणसं म्हणतात, तुमच्या हातून काही चूक झाली नाही, तुम्ही जिवाचं रान केलं. त्यांचं ते बाजारातलं बोलणं, त्यात माया आहे. पण तुम्ही मला दुसरं बोलणं शिकवून ठेवलं आहे. मी पाटावर उभी राहून वरून बघितलं असतं आणि रेघ सरकली असती, तर ती एरर होती. अंधारात दिसलं नसतं, तर एरर होती. मी खिडकीशी नेऊन डोळ्यासमोर सरळ धरून बघितलं, दोनदा बघितलं, आणि दुसरंच सांगितलं. त्याला कोणतंच कार्ड नाही, हे तुमचेच शब्द. माणसापेक्षा आकडे प्यारे आहेत म्हणून मी तुम्हाला हिणवलं होतं, आणि माझी पाळी आली तेव्हा मी आकड्यापेक्षा माणूस धरला. माणूसही गेला. तुम्ही असते तर या वाक्यावर किती वाद घातला असता. घाला न.

परवा मी एका कागदावर सहाही संध्याकाळचे खरे आकडे लिहून काढले. मला एकही आठवावा लागला नाही. काल तो कागद आणि वही घेऊन अकोल्यात डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात गर्दी होती. सगळे रोगी जाईस्तोवर बाकावर बसून राहिले. मग आत जाऊन उभ्यानंच सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी काय बघितलं, काय सांगितलं, का सांगितलं. मी घडी केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, की हे आकडे तुम्हाला वेळेवर भेटले असते तर हे वाचले असते का?

"काही फरक पडला नसता, बाई," ते म्हणाले. कागदाची घडी अजून तशीच होती.

मी म्हटलं, आधी वाचा तं खरं. त्यांनी चष्मा लावला, कागद उघडला, वही शेजारी ठेवली आणि बोट ठेवून एकेक ओळ दोन्हीकडे पाहिली. दुसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिसऱ्या ओळीवरही थांबलं. कंपाउंडर डोकावला, त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं. मग कागदाची होती तशीच घडी घातली, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, नाही, नसताच पडला. आणि लगेच विचारलं, मुलगी शाळेत जाते का?

खोटा आकडा कसा सांगतात ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? आधी जरा थांबायचं असतं, मग सरळ आवाजात बोलायचं असतं, आणि समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायला जागा राहू नये म्हणून पटकन भलतं काहीतरी काढायचं असतं. मला त्यांच्या टेबलावर हात आपटून म्हणता आलं असतं की खरं सांगा. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणवलं नाही. म्हातारा माणूस. त्यांनीही ती वही बघूनच तीन दिवसांनी येतो म्हटलं होतं. मी म्हटलं, "बरं. जाते शाळेत." तेव्हा त्यांचे खांदे असे सैल पडले की मला त्यांची कीव आली.

पायरीवर चपला घालायला वाकले आणि तिथेच बसले. मी ओळखलं होतं की ते खोटं बोलून राहिले, आणि त्यांच्यासाठी बरं म्हणून उठून आले होते. मग तुम्ही? ताप तर तुमच्या अंगात होता. एकशे चार कसा लागतो हे अंगाला कळत नाही का? रोज संध्याकाळी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून माझा आकडा परत म्हणायचे आणि लिहायचे. पावसाचा एक आकडा भरला नाही म्हणून बोलणी खाणारा माणूस, आणि हे सहा तुम्ही पेनानं लिहिले. माझं मन राहावं म्हणून लिहिले का? की खरंच भरवसा ठेवला होता माझ्यावर? यातलं काय खरं असलं तर मला कमी दुखेल, तेही मला ठरवता येत नाही.

घरी आल्यापासून वही उघडून तुमचं अक्षर बघून राहिले आहे. लिहिताना हात कुठे थांबला, कुठे अडखळला, ते शोधून राहिले आहे. पण तापानं सगळीच अक्षरं हललेली आहेत हो. खरी सकाळची, खोटी संध्याकाळची, सगळी सारखीच. त्यावरून मला काहीच सांगता येत नाही.